सायकल पोलोसाठी डिस्क ब्रेक: वायरचा की ऑइलचा? जळगावातल्या सहा सायकलींच्या नोंदी

११ फेब्रुवारी: कामाची आखणी

सायकली सहा. सगळ्या स्टीलच्या, २६ इंची चाकं, एकच गिअर, सस्पेन्शन नसलेला सरळ चिमटा. डिस्क ब्रेक बसवायचे कान पुढे-मागे आधीपासूनच आहेत. खेळ सायकल पोलोचा: सायकलवर बसून मॅलेटने (लांब दांड्याच्या हातोड्याने) बॉल मारायचा, सिमेंटच्या कोर्टावर, तीन विरुद्ध तीन. सायकल पोलो १८९१ मध्ये आयर्लंडात सुरू झाला तो गवतावर. सिमेंटवरचा प्रकार २००० च्या आसपास अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या कुरिअर पोरांनी रुळवला. गवतावर सायकल आपसूक मंदावते, सिमेंटवर मंदावत नाही. शिवाय कडेला फळ्या असतात आणि पाय जमिनीला टेकला की आधी मध्यरेषेशी जाऊन टॅप करून यावं लागतं, तोवर बॉलला हात नाही. त्यामुळे ब्रेक धरून तोल सांभाळणं आणि जागच्या जागी वळणं यावरच निम्मा खेळ चालतो.

आधीचे व्ही-ब्रेक काढून टाकायचं ठरलं. टकरीत रिम वाकते आणि वाकलेली रिम प्रत्येक फेरीला पॅडला घासते. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्यावरच्या गोल प्लेटला (म्हणजे डिस्कला) पकडतो, त्याला रिमशी देणंघेणं नसतं.

वाटणी अशी: १, २, ३ क्रमांकांना वायरने ओढला जाणारा डिस्क ब्रेक, ४ आणि ५ ला ऑइलच्या दाबाने चालणारा. ६ क्रमांक डावखुऱ्या खेळाडूची, तिच्यावर एकाच लीव्हरने दोन्ही ब्रेक ओढून बघायचे.

१८ फेब्रुवारी: लीव्हरची बाजू

आपल्याकडे सायकल दुकानातून येते तेव्हा उजवा लीव्हर पुढच्या ब्रेकचा असतो. पोलोत हे उलटं करावं लागतं. मॅलेट उजव्या हातात, हँडल डाव्या हातात, म्हणजे खेळताना फक्त डावा लीव्हर हाताशी. तो पुढच्याच ब्रेकला हवा, कारण थांबवायचं खरं काम पुढचं चाक करतं. मागचा ब्रेक चाक घसरवून वळायला उपयोगी, त्यावर सायकल वेळेत थांबत नाही.

वायरच्या तिन्ही सायकलींचं हे काम चहा होईपर्यंत उरकलं: वायर सोडली, आउटरची (वायरवरच्या नळीची) अदलाबदल केली, नव्या लांबीला कापली, पुन्हा आवळली. ऑइलच्या दोन सायकलींना अख्खी दुपार गेली. त्यांवरच्या शिमानो एमटी२०० या ऑइल ब्रेकचे लीव्हर डावा-उजवा वेगळे येतात, उलटे लावता येत नाहीत. त्यामुळे होजच (तेलाची नळीच) लीव्हरमधून सोडून दुसऱ्या लीव्हरला जोडायची. ८ मिमीच्या पान्याने नट सोडला, होजचं टोक धारदार कटरने काटकोनात कापलं, नवा इन्सर्ट (होजच्या तोंडात बसणारा छोटा तुकडा) ठोकला, नवी ऑलिव्ह घातली, नट ५ ते ७ न्यूटन-मीटरला आवळला. ऑलिव्ह म्हणजे नटाखाली दबणारी पितळी रिंग. ती एकदा दबली की संपली, पुन्हा वापरली तर गळते. जळगाव-भुसावळच्या दुकानांत ती मिळत नाही. होजला हात लावण्याआधी निदान पाच-सहा इन्सर्ट-ऑलिव्ह मागवून ठेवा, नाहीतर एका रिंगेपायी सायकल कुरिअरची वाट बघत उभी राहते.

ऑर्डर देतानाच ‘डावा लीव्हर, पुढचा कॅलिपर’ (कॅलिपर म्हणजे पॅड दाबणारा चाकापाशी बसणारा भाग) अशी जोडी मागितली तर हे सगळं टळतं. काही विक्रेते तशी जोडी देतात, विचारायला हरकत नाही.

२५ फेब्रुवारी: वायरच्या कॅलिपरची निवड

क्रमांक १ ला साधा बिननावी कॅलिपर लावला, ४५० रुपयांचा. २ ला टेक्ट्रोचा, १,३०० चा. दोन्हींत एकच पॅड हलतो. बाहेरचा पॅड वायरने सरकतो, आतला जागेवर असतो, आणि डिस्क थोडी वाकून आतल्या पॅडला टेकते. म्हणून आतला पॅड डिस्कच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा, कागद जेमतेम सरकेल एवढीच फट ठेवायची. ही फट मोठी राहिली तर लीव्हरची निम्मी चाल डिस्क वाकवण्यातच जाते आणि पकड येत नाही. बिननावी कॅलिपरमध्ये आतल्या पॅडचा स्क्रू हादऱ्याने आपोआप फिरत होता. त्यावर निळा थ्रेडलॉक (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद) लावला, तेव्हा तो बसला.

क्रमांक ३ ला दोन्ही पॅड हलणारा टीआरपी स्पायक. महाग आहे, पण डिस्क वाकत नाही आणि पॅड सारखे झिजतात.

खरेदीतला एक सापळा. एकाच मॉडेलचे दोन अवतार असतात: एक रोड सायकलच्या लीव्हरसाठी, एक सरळ हँडलच्या व्ही-ब्रेक लीव्हरसाठी. दिसायला सारखेच, पण वायर किती ओढली जाते ते वेगळं. स्पायक सरळ हँडलसाठी आहे, त्याचाच भाऊ स्पायर रोडसाठी. एव्हिड बीबी७ मध्येही माउंटन आणि रोड असे दोन येतात. रोडच्या कॅलिपरला व्ही-ब्रेकचा लीव्हर जोडला तर लीव्हर दगडासारखा कडक लागतो आणि सायकल थांबत नाही. पॅड बदलून, डिस्क घासून काही फरक पडत नाही. जोडीच चुकीची असते.

३ मार्च: कान, रंग आणि कानस

चार सायकलींवर कॅलिपर सरळ बसेना. कारण कानांवरचा रंग. पावडर कोटिंगचा थर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, त्यामुळे बोल्ट आवळला की कॅलिपर तिरका होतो आणि पॅडचं एकच टोक घासतं. बारीक कानसने फक्त रंग काढला, धातूला हात लावला नाही. मग बोल्ट अर्धे आवळून, लीव्हर दाबून धरून, ६ ते ८ न्यूटन-मीटरला आवळले. डिस्क प्लेटचे सहा टॉर्क्स बोल्ट टी-२५ चे, २ ते ४ न्यूटन-मीटर, समोरासमोरचे आळीपाळीने.

सगळीकडे प्लेट १६० मिमीचीच. पोलोत वेग जेमतेम २० किमीचा, ब्रेक क्षण-दोन क्षणांचा. घाटात तापते तशी प्लेट इथे तापतच नाही. १८० मिमी लावून काही मिळत नाही, उलट मॅलेटला आणखी मोठं लक्ष्य मिळतं.

प्लेटवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं लिहिलं असेल तर धातूमिश्रित पॅड लावू नका, प्लेट भराभर खाल्ली जाते.

१० मार्च: पॅड बसवणं आणि चाकाचं झाकण

नवा पॅड पहिल्या दिवशी पकडत नाही, त्यावरून ब्रेकला नावं ठेवू नका. मोकळ्या रस्त्यावर सायकल २० च्या वेगाला न्यायची, चाक न अडकवता चालण्याच्या वेगापर्यंत आणायची, पुन्हा तेच. वीसेक वेळा केलं की पकड लागते. हे न करता थेट खेळायला उतरवलेली २ क्रमांक किंचाळत राहिली. पॅड काढून पॉलिश पेपरवर घासले, प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागलं.

आऱ्यांवर झाकण लावलं. फ्लेक्स-बॅनरवाल्यांकडे पोकळ रेघांची पीपी शीट मिळते, प्रचाराच्या पाट्यांना वापरतात तीच, ३ मिमी जाडीची. झिप टायने आऱ्यांना बांधायची. मॅलेट आऱ्यांत शिरत नाही आणि बॉलही अडतो. डाव्या बाजूच्या झाकणाचं मधलं भोक नेमकं प्लेटएवढं कापलं तर आतल्या बाजूने कॅलिपरचं अंग शीटला घासतं, कारण कॅलिपर आणि आऱ्यांमध्ये काही मिलिमीटरच जागा असते. १६० च्या प्लेटला २२० मिमीचं भोक हवं. झिप टायची गाठ आणि शेपूट उजव्या बाजूला काढायची, डावीकडे ती कॅलिपरमध्ये अडकते.

२४ मार्च: एका लीव्हरवर दोन ब्रेक

क्रमांक ६. वायरमध्ये याला तयार उत्तर आहे: एकाच लीव्हरमध्ये दोन वायरी बसतील असा दुहेरी लीव्हर. मोठ्यांच्या तीनचाकी सायकलींसाठीही तो बनतो. इथे मिळाला नाही, बाहेरून मागवला. दोन्ही वायरी वेगवेगळ्या ताणता येतात ही त्यातली मुख्य सोय. मागचा ब्रेक आधी लागावा म्हणून त्याची वायर बरीच ताणली, तर लीव्हर तिथेच अडला आणि पुढचा ब्रेक नीट लागेचना. मागचा केसभर आधी, पुढचा लगेच मागून, इतकाच फरक ठेवला तेव्हा जमलं. हाताचा जोर दोन ठिकाणी वाटला जातो, त्यामुळे लीव्हर जड लागतो. मागची लांब वायर स्वच्छ नसेल तर फारच जड.

ऑइलमध्ये हे करायचं म्हणून टी-जोड लावून एका लीव्हरवर दोन कॅलिपर चालवायचा विचार पुष्कळांना सुचतो. करू नका. लीव्हरमधला पिस्टन एका कॅलिपरला पुरेल एवढंच तेल ढकलतो. दोन कॅलिपर जोडले की लीव्हर हँडलला टेकतो आणि दोन्ही ब्रेक अर्धवट लागतात. एका हातासाठी मुद्दाम बनवलेले दुहेरी ऑइल लीव्हर जगात आहेत, पण त्यांची किंमत आपल्या अख्ख्या सायकलीपेक्षा जास्त. दोन्ही ब्रेक एकाच हातात हवे असतील तर प्रश्न इथेच मिटतो: वायर.

७ एप्रिल: मॅलेटचे घाव

मॅलेटच्या डोक्यासाठी जळगावात कधी अडत नाही. शेताच्या पाइपलाइनमधून उरलेला ६३ मिमीचा एचडीपीई पाइप कुठल्याही पाइपवाल्याकडे तुकड्याने मिळतो. तोच पाइप जोरात प्लेटवर आला की प्लेट वाकते.

डिस्क नेहमी चाकाच्या डाव्या बाजूला असते. उजव्या हाताने खेळणाऱ्याची मॅलेट उजवीकडे चालते, त्यामुळे स्वतःच्या मॅलेटचा फटका क्वचित. डावखुऱ्याची मॅलेट मात्र थेट प्लेटच्या बाजूला. ६ क्रमांकाची पुढची प्लेट बाकी सगळ्यांच्या आधी वाकली आणि पुन्हा पुन्हा वाकत राहिली. डावखुऱ्या खेळाडूच्या सायकलीला जादा प्लेट पिशवीत ठेवाच.

वाकलेली प्लेट सरळ करायची पद्धत: सायकल उलटी न करता चाक उचलून फिरवायचं, पॅडला कुठे लागते ते मार्करने टिपायचं, स्वच्छ अ‍ॅडजस्टेबल पाना प्लेटच्या जाडीला बसवून हलकेच दाबायचं. एकदम जोर नाही. थोडं दाबायचं, फिरवून बघायचं. पान्याला ग्रीस असेल तर प्लेट आणि पॅड दोन्ही गेले. नवी प्लेट १.८ मिमीची असते, १.५ मिमीला आली की सरळ करत बसू नका, बदला.

वायर आणि ऑइलमधला खरा फरक या नोंदीत आहे. सामना चालू असताना प्लेट वाकली तर वायरच्या कॅलिपरचा बॅरल अ‍ॅडजस्टर (वायर ताणायचा-सैल करायचा गोल स्क्रू) दोन फेरे आत घ्यायचा, फट वाढते, लीव्हर थोडा खोल जातो पण खेळता येतं. ऑइलच्या कॅलिपरमध्ये पॅडची फट आपली आपण ठरते, ती वाढवायची सोयच नाही. प्लेट सरळ होईपर्यंत चाक घासत राहतं. ४ आणि ५ वर हे घडलं तेव्हा सायकल कोर्टाबाहेर काढावी लागली.

२१ एप्रिल: धूळ

दुपारच्या वावटळी सुरू झाल्या. काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, आउटरच्या तोंडातून आत शिरते. १ आणि २ क्रमांकांचे मागचे लीव्हर जड झाले, सोडल्यावर परत येईनात. मागच्या कॅलिपरपाशी आउटरचं तोंड वर बघत होतं, तिथूनच धूळ आत जात होती. वायर ओढून काढली तर शेवटचा चार बोटं भाग राखाडी चिखलाने माखलेला, बाकीची वायर चकचकीत.

जुनी वायर पुसून परत घालण्यात अर्थ नाही. नवी स्टेनलेस वायर, लीव्हरपासून कॅलिपरपर्यंत सलग आउटर, टोकाला रबरी टोपी. आत ग्रीस भरू नका, धूळ त्यातच बसते. पातळ तेलाचा एक हात पुरे. आउटर ब्रेकचाच घ्यायचा. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात, ब्रेकच्या ताणाला तो फुटतो. दुकानात दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेले असतात, टोक बघून घ्या: ब्रेकच्या आउटरची तार गोल गुंडाळलेली दिसते.

ऑइलच्या ब्रेकना या धुळीचं काही झालं नाही. महिन्याकाठी पिस्टनभोवती कापडाने पुसणं, एवढंच.

५ मे: उन्हात अडकलेला ब्रेक

पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या ४ क्रमांकाचं पुढचं चाक दुपारी फिरेना. सकाळी मोकळं होतं. लीव्हरवर फनेल बसवून ब्लीड स्क्रू (तेल भरायचा, हवा काढायचा स्क्रू) सोडला तर तेल वर आलं आणि पॅड सैल झाले. तेल भरताना कॅलिपरमध्ये ब्लीड ब्लॉक (पिस्टन आत धरून ठेवणारा प्लास्टिकचा ठोकळा) नीट बसलेला नव्हता, पिस्टन थोडे बाहेर होते आणि त्या स्थितीत तेल काठोकाठ भरलं गेलं. फेब्रुवारीच्या गारव्यात ते चाललं. ऊन ४५ च्या पुढे गेल्यावर तेल फुगलं, टाकीत फुगायला जागा नव्हती, पिस्टन बाहेर ढकलले गेले.

योग्य क्रम: पॅड काढा, पिस्टन प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण आत ढकला, पिवळा ब्लॉक घाला, लीव्हर जमिनीला समांतर करा, खालून सिरिंजने तेल वर ढकला, फनेलमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत लीव्हर हळू हळू दाबा, होजवर पान्याच्या मुठीने टकटक करा. पॅड झिजल्यावर वरून तेल ‘टॉप-अप’ करू नका. नवे पॅड घालताना तेच तेल जास्तीचं ठरतं.

तेल शिमानोचं मिनरल ऑइलच. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये डॉट-३, डॉट-४ हे ब्रेक ऑइल सहज मिळतं आणि गॅरेजवाले प्रेमाने देऊही करतात. ते या ब्रेकमध्ये गेलं की रबरी सील फुगतात आणि लीव्हर-कॅलिपर दोन्ही टाकून द्यावे लागतात. १०० मिलीची बाटली आम्हाला ४०० रुपयांना पडली. कचरा गेलेलं तेल परत न वापरता दोन सायकलींना पुरली.

१९ मे: पडापडी

सकाळी साडेसहा ते आठ एवढाच खेळ, पुढे सिमेंट तापतं. या नोंदीत फक्त तुटफूट.

क्रमांक ५ डाव्या अंगावर पडली, लीव्हरचं पातं वाकलं. अ‍ॅल्युमिनियमचं पातं परत सरळ करताना मुळाशी चीर गेली. ऑइलचा लीव्हर बदलायचा म्हणजे लीव्हर, ऑलिव्ह, इन्सर्ट, ब्लीड हे सगळं आलं: साधारण १,२०० रुपये आणि दोन तास. त्याच आठवड्यात १ क्रमांकाचा लीव्हर मोडला. २२० रुपयांचा नवा, जुनीच वायर, कोर्टाच्या कडेला बदलून झाला.

उपाय दोन्हींना एकच. लीव्हरचा क्लॅम्प करकचून आवळायचा नाही. खाली इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्यायचा आणि हाताने जोर लावल्यावर लीव्हर फिरेल इतकाच आवळायचा. पडल्यावर तो मोडण्याऐवजी फिरतो. हँडलच्या टोकांना बूच हवंच, उघडी नळी पोटात घुसते.

होजचा पुढे लोंबणारा फास मॅलेटमध्ये अडकतो. फार आखूड केली तर हँडल गर्रकन फिरल्यावर होज उपटते. होज हँडलला चिकटून स्टेमपर्यंत न्यायची, स्टेमच्या मागे छोटा फास ठेवायचा, मग चिमट्यावर उतरवायची. कापण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा.

चाक काढलेलं असताना ऑइलचा लीव्हर कुणी दाबला की पॅड एकमेकांना चिकटतात. टेम्पोत सायकली नेताना हे नक्की घडतं. पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घालूनच चाक काढा.

२ जून: निर्णय

ऑइलची पकड चांगली आहे यात वाद नाही. एका बोटाने ब्रेक धरून उभं राहता येतं, हात दुखत नाही, पॅड झिजले तरी लीव्हरची चाल तीच राहते. जो खेळाडू स्वतःची सायकल स्वतः सांभाळतो, जादा प्लेट आणि ऑलिव्ह बाळगतो, त्याने पुढे ऑइलच लावावा. मागे वायर ठेवली तरी चालते.

चार जण वापरतात त्या सायकलीला वायर. शिकाऊ खेळाडूंच्या सायकलीला वायर. डावखुऱ्याला आणि एका लीव्हरवर दोन ब्रेक हवे त्याला वायर. ब्रेक किती जोरात लागतो यावर हे ठरवू नका, १६० च्या प्लेटवर दोन्ही पुरेसे लागतात. मोडल्यावर तो कोर्टावर किती वेळात उभा राहतो, त्यावर ठरवा. धुळे-नंदुरबारकडे, जिथे सुटे भाग आणखी दुरून येतात, तिथे तर हे आधी बघा.

त्यानुसार बदल: ३ क्रमांकाला पुढे ऑइल, तिचा स्पायक ६ क्रमांकाच्या पुढच्या चाकाला. ६ चा कॅलिपर १ ला, आणि बिननावी कॅलिपर सुट्या भागांत.

१६ जून: पहिला पाऊस

ओल्या प्लेटवर सगळेच ब्रेक ओरडतात, पहिल्या दोन-तीन दाबांत पकडही कमी. प्लेट सुकली की ठीक. कोर्टावर शेतातला चिखल वाहून आला होता, तो पॅडमध्ये बसला की वाळूसारखा घासतो. २ क्रमांकाच्या पॅडचं अस्तर अर्ध्या मिलिमीटरवर आलं होतं, बदलले. खेळ झाल्यावर साध्या पाण्याने प्लेट-कॅलिपर धुणं, धुताना साखळीचं तेल तिकडे उडू न देणं. साखळीला स्प्रे मारू नका, थेंबाने तेल द्या. वाऱ्यावर उडालेला स्प्रे पॅडवर बसला आणि आत मुरला तर पॅड घासून उपयोग होत नाही, टाकावेच लागतात.

पावसाळ्यासाठी मागवलेलं: रेझिन पॅडच्या चार जोड्या (ऑइलसाठी बी०५एस, वायरच्या कॅलिपरसाठी त्या-त्या मॉडेलच्या), १६० मिमीच्या दोन प्लेट, स्टेनलेस वायरी सहा, ब्रेकचा आउटर दहा मीटर, ऑलिव्ह-इन्सर्ट दहा जोड्या.